पंचक्रोशीत ऐकू जाणारी पेटी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. पावणेदोन हात लांब, वीतभर रुंद आणि डाव्या अंगाला जराशी तिरकी. तिरकी का, ते आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही मनात शंका धरून बसायला नको. मला कुणा सुताराने घडवलेले नाही. मला एका बागवानाने केले. झाडाला कलम बांधण्यात त्या माणसाचा हात धरणारा कुणी नव्हता. पण फळी कापायला घेतली की त्यांची करवत सासरी निघालेल्या मुलीसारखी सारखी मागे वळून पाहायची.

गोठ्याच्या मोडक्या दाराची फळी, दोन बिजागऱ्या, एक कोयंडा आणि आतून हिरव्या शालीचे अस्तर, एवढेच माझे भांडवल. माझ्या पोटात मात्र राहायची एक दुनळी बंदूक. एका खणात तिच्या नळ्या, दुसऱ्या खणात लाकडी दस्ता.

दचकलात ना? शहरातली माणसे दचकतात. पण मी जिथे जन्मले तिथे कुणी दचकत नसे. डोंगराच्या कुशीत नऊ घरांची वस्ती होती आणि नऊ घरांत मिळून नऊ बंदुका होत्या. सर्वात जवळची पोलीस चौकी एका दिवसाच्या वाटेवर. रानडुकरे मात्र हाकेच्या अंतरावर! एका संध्याकाळी ती बागेत शिरली की वर्षाची मेहनत मातीत. त्यामुळे तिथे बंदूक म्हणजे कुदळीची थोरली बहीण. दारामागे छत्री असावी तशी ती असायची. एखादी बाई शेजारणीकडे मीठ मागायला जायची तितक्याच सहज एखादा गडी शेजाऱ्याकडे काडतूस मागायला जायचा.

मग मी कशी जन्माला आले? बागवानबाबांची लेक रांगू लागली तेव्हाची गोष्ट. एकदा ती रांगत रांगत दारामागे गेली आणि बंदुकीच्या दस्त्याला धरून उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच उभी राहिली, तीही अशी! बाबा टाळ्या वाजवू लागले. मालकीणबाईंनी मात्र लेकीला उचलले आणि शांतपणे सांगितले, "एक तर ती बंदूक दारामागून हलवा, नाहीतर मला माहेरी पोचवा."

बाबांनी दुसऱ्याच दिवशी करवत हाती घेतली. मालकीणबाईंनी आपली शाल दिली. सारी वस्ती येऊन मला पाहून पोट धरधरून हसली. मेंढपाळआबा तर म्हणाले, "बागवाना, बंदुकीला पाळणा केलास? आता अंगाई कोण म्हणणार?"

नऊ घरांत मीच एकटी पेटी. त्यामुळे पुढे वस्तीत माझ्या नावानेच बंदूक ओळखली जाऊ लागली. डुकरे आली की हाक यायची, "बागवाना, पेटी आण! वाजव एकदा!" तिथे बंदूक झाडली असे कुणी म्हणत नसत. वाजवली, असेच म्हणत. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचा सारा घोटाळा इथूनच झाला.

बाबांचा नेम कसा होता म्हणाल, तर ते बागवान म्हणून फार मोठे होते. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून दोन रानडुकरे आणि स्वतःचीच एक पाण्याची टाकी मारली गेली. पण आवाजाचे काम आवाज करीत असे. धडाम झाले की डुकरे डोंगरापल्याड. मग बाबा नळ्या पुसायचे, तेल द्यायचे, मला कुलूप लावायचे आणि चावी मालकीणबाईंच्या हाती द्यायचे. ते माझे चांगले दिवस होते. वर्षातून दोनदा माझ्याही बिजागऱ्यांना तेलाचे बोट मिळायचे.

मग लेक शिकायला शहरात गेली आणि तिकडेच नोकरी करू लागली. मालकीणबाई थकल्या आणि एका हिवाळ्यात गेल्या. त्याच वर्षी पाणी काढताना बाबांच्या खिशातून चावी विहिरीत पडली. बाबांनी कुलूप तोडले, कोयंड्यात एक लाकडी खुंटी अडकवली आणि म्हणाले, "उद्या नवं कुलूप आणू." मित्रांनो, तो उद्या नऊ वर्षांत उजाडला नाही. बाबांचे गुडघे धरले. बाग पुतण्या पाहू लागला. तोच घाईघाईत खुंटी उपसायचा, बंदूक जोडायचा, वाजवायचा आणि तितक्याच घाईत सगळे माझ्यात कोंबून जेवायला पळायचा. शालीचे अस्तर कोपऱ्यात उसवले. मी कपाटावर धूळ खात पडले.

एक दिवस लेक आली ती बाबांना न्यायलाच. आता तिचे लग्न होऊन तिला सात वर्षांची मुलगी होती. नवरा जहाजावर नोकरीला, त्यामुळे वर्षातले आठ महिने घरात या मायलेकीच. लेक औषधांच्या दुकानात काम करायची आणि बोलायचीही औषधासारखी, मोजून.

"बाबा, कपडे घ्या, चष्मा घ्या. ती पेटी इथेच राहू द्या."

"तुझ्या आईचा फोटो आणि ही पेटी. बाकी काही नको मला."

"शहरात कुणाच्या घरी बंदूक नसते, बाबा."

"मग आपल्या घरी असेल. परवाना आहे की माझ्याकडे! काडतुसं सगळी पुतण्याला देऊन टाकतो. एक सुद्धा आणत नाही, मग तर झालं?"

लेकीने उसासा टाकला. आई गेल्यावर एकट्या पडलेल्या म्हाताऱ्याला नाही म्हणणे तिला जमले नाही. एवढेच म्हणाली, "चालेल. पण माळ्यावर ठेवायची. आणि कुणाला सांगायचं नाही."

अशी मी डोंगर उतरले.

शहरातल्या इमारतीला चार मजले होते आणि आमचे घर तिसऱ्यावर. लेक सामान घेऊन पुढे गेली होती. बाबा मला छातीशी धरून एकेक पायरी चढत होते. दुसऱ्या मजल्यावर एक दार उघडे होते. दारात पांढऱ्या केसांच्या, ताठ मानेच्या एक बाई उभ्या होत्या. त्या मुलांना गाणे शिकवत. मुलांनी त्यांचे नाव गाणंबाई ठेवले होते आणि मोठ्यांनीही तेच उचलले होते. त्यांची नजर माझ्यावर पडली.

"काय हो, पेटी का?"

"हो, पेटीच," बाबा म्हणाले. त्यांना वाटले, लेकीने आधीच सांगितलेले दिसते.

"अगं बाई! वाजवता?"

"तरुणपणी वाजवायचो. आता हात थरथरतो."

"आणि आवाज कसा आहे हिचा?"

"आवाजाचं काय विचारता बाई! एकदा वाजली की पंचक्रोशीत ऐकू जाते."

गाणंबाईंचे डोळे लकाकले. शहरात पेटी म्हणजे सुरांची पेटी, भाता हलवून वाजवायची. हे बाबांना कुठून ठाऊक असणार? आणि आमच्या वस्तीत पेटी म्हणजे काय, हे गाणंबाईंना कोण सांगणार? मला ठाऊक होते, पण पेटीला झाकण असते, तोंड नसते.

चार दिवसांत साऱ्या इमारतीत झाले की तिसऱ्या मजल्यावर पेटीवाले आजोबा आलेत. जिन्यात भेटेल तो विचारी, "आजोबा, कधी वाजवताय?" बाबा चकित होत. आठवड्यानंतर गाणंबाई स्वतः घरी आल्या. लेक दुकानात होती. नात भिंगरी जमिनीवर चित्र रंगवत होती. तिला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी कधी टिकतच नसे.

"रविवारी गच्चीवर मुलांचा गाण्याचा कार्यक्रम आहे," गाणंबाई म्हणाल्या. "सुरुवातीला तुम्ही वाजवावं, अशी सगळ्यांची इच्छा आहे."

"गच्चीवर?" बाबा म्हणाले. "मुलांच्या देखत?"

"मुलांसाठीच तर आहे."

"घाबरणार नाहीत?"

"घाबरायला काय झालं? माझी मुलं चांगली तयार आहेत."

"आणि वरच्या मजल्यावरची म्हातारी माणसं?"

"त्यांना तर पुढच्या खुर्च्या ठेवल्यात."

"अहो, पण चेअरमनची परवानगी?"

"चेअरमन स्वतः टाळ्या वाजवणार आहेत! उद्या संध्याकाळी माझ्या खोलीत पेटी घेऊन या. मुलांबरोबर एकदा जमवून बघू."

गाणंबाई गेल्यावर बाबा बराच वेळ खिडकीत बसले. मग भिंगरीला म्हणाले, "तुझी आई उगाच घाबरते. ही शहरातली माणसं तर आपल्या वस्तीपेक्षाही धीट निघाली." वाजवायला काडतूस नव्हते हे खरे. पण मुलांना नुसती दाखवावी, बागेची राखण करणारी ही बाई कशी असते ते त्यांनी पाहावे, असे त्यांनी ठरवले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी धुतलेला सदरा घातला, मला ओल्या फडक्याने पुसले आणि भिंगरीचे बोट धरून एक मजला उतरले. गाणंबाईंच्या खोलीत अकरा मुले सतरंजीवर बसली होती. कोपऱ्यात तंबोरा, भिंतीवर घड्याळ, खिडकीत मनीप्लांट. बाबांनी मला मधोमध ठेवले आणि खुंटी उपसली. किती वर्षांनी माझ्याकडे इतके डोळे लागले होते! मीही मनातून फुलून गेले, हे कबूल करते.

झाकण उघडले.

सगळ्या माना पुढे झाल्या. मग पुढच्या रांगेतली एक मुलगी वाकून पाहत म्हणाली, "आजोबा, याच्या पट्ट्या कुठायत?"

गाणंबाई भिंतीसारख्या पांढऱ्या पडल्या होत्या. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "मुलांनो, उठा. सगळे बाहेर जिन्यात जा. पळायचं नाही. हळू."

"अहो बाई, घाबरू नका," बाबा गोंधळून म्हणाले. "रिकामी आहे. काडतूस म्हणाल तर औषधाला सापडायचं नाही." आणि खात्री पटावी म्हणून त्यांनी माझ्यातून नळ्या उचलल्या.

मित्रांनो, आता मला जे सांगायचे आहे ते सांगताना आजही माझ्या बिजागऱ्या कुरकुरतात. पुतण्याने मागच्या हंगामात घाईत एक काडतूस माझ्यातच टाकले होते. ते उसवलेल्या शालीखाली गेले होते. मला ते रोज टोचत होते. नळ्या उचलताना शालीचा कोपरा ओढला गेला, काडतूस घरंगळत सतरंजीवर आले आणि सगळ्यांच्या मागे राहिलेल्या भिंगरीच्या पायाशी थांबले. लाल कागदाची नळी, खाली पितळेची चकाकती टोपी. तिने ते उचलले.

"आजोबा, ही लिपस्टिक कुणाची?"

ज्यांना दोन पायऱ्यांमागे एकदा थांबावे लागायचे, ते बाबा एका ढांगेत खोली ओलांडून गेले. त्यांनी तिच्या मुठीतून काडतूस काढून घेतले.

त्या रात्री जेवणाची ताटे उचलली गेली. लेक एवढेच म्हणाली, "बाबा, आमच्या दुकानात विषारी औषधांचं वेगळं कपाट असतं. बाटली रिकामी झाली तरी आम्ही ती कपाटातच ठेवतो आणि कुलूप लावतो. का, सांगा?"

बाबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"कारण रिकामी आहे हे सांगणारं माणूस चुकतं," लेक म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तळमजल्याच्या दालनात इमारतीची सभा भरली. चेअरमन हे मोठ्या मिशांचे आणि छोट्या आवाजाचे गृहस्थ होते. बाबा मला मांडीवर घेऊन बसले होते. बंदूक घरात एकटी ठेवायची नाही, असे लेकीने बजावले होते आणि काडतूस तिने सकाळीच चौकीत नेऊन दिले होते.

"आम्ही दाराला तीन-तीन कड्या लावतो," पहिल्या मजल्यावरचा शिंपी म्हणाला, "आणि हे तर कडीच्या आतच!"

"आमच्याकडे दाराला कडीच नाही," बाबा म्हणाले. त्यांना भांडायचे नव्हते, ते खरोखरच सांगत होते. "कुणीही यावं, पाणी प्यावं, जावं. दारामागे बंदूक असते, पण माणसासाठी कधीच नाही."

"म्हणजे तुमच्याकडे चोर येत नाहीत?"

"येतात की. चार पायांचे!"

दोघे-चौघे हसले. शिंपीही हसला. मग चेअरमन घसा खाकरून म्हणाले, "आजोबा, तुमच्याकडची रीत तुमच्याकडे ठीक असेल. पण इथे एका भिंतीला दोन घरं आहेत. ज्याच्या त्याच्या घरातलं इथे ज्याच्या त्याच्या घरात राहत नाही. सात दिवसांत काहीतरी ठरवा, नाहीतर..."

"सात दिवस कशाला?" बाबा उठले. "परवा सकाळच्या गाडीने मी जातो. पेटीसकट."

तेव्हा लेक उभी राहिली. "पेटी जाईल," ती म्हणाली. "बाबा नाही."

पण बाबांनी मनातल्या मनात गाठोडे बांधलेच होते. पुढच्या दिवशी सकाळी ते खरोखर कपड्यांच्या घड्या घालत बसले होते, तेवढ्यात दार वाजले. गाणंबाई होत्या. सभेला त्या आल्या नव्हत्या. त्या आत येऊन खुर्चीत बसल्या. मी समोर टेबलावर होते. त्यांनी माझ्याकडे पाहणे टाळले.

"परवा मी मुलांना हाकललं, ते तुमचा अपमान करायला नाही," त्या म्हणाल्या. "मला एक धाकटा भाऊ होता. नऊ वर्षांचा. वडील गिरणीत पहारेकरी होते. पिस्तूल घरी आणायचे आणि उशाशी ठेवायचे. आमच्या गल्लीत कुणाकडेच तसलं काही नव्हतं, त्यामुळे भावाला कोण मिरवायची हौस! वडील म्हणाले, घे, बघ, रिकामं आहे."

त्या थांबल्या. पुढचे त्यांनी सांगितले नाही आणि बाबांनी विचारले नाही.

"परवा तुम्ही अगदी तेच शब्द म्हणालात हो," गाणंबाई हळूच म्हणाल्या. "तुमचा आवाजही तसाच. प्रेमळ."

बाबांनी हातातला सदरा खाली ठेवला.

"बाई," ते म्हणाले, "मी जन्मभर बंदुकीबरोबर राहिलो. मला वाटायचं, मी तिला ओळखतो. ओळख कसली, नुसती सवय झाली होती."

"मला ती उघडून दाखवा," गाणंबाई अचानक म्हणाल्या.

"आता?"

"पन्नास वर्षं मी घाबरतेय, तेही आतून कधी न पाहिलेल्या गोष्टीला. आत काय असतं ते एकदा बघू द्या."

बाबांनी नळ्या काढून खिडकीकडे धरल्या. "दोन्ही बाजूंनी आरपार दिसलं पाहिजे. दिसलं नाही, तर रिकामी म्हणायचं नाही. आणि दिसलं, तरी माणसाकडे रोखायची नाही." गाणंबाईंनी एक डोळा मिटून नळीतून पाहिले. पलीकडे समोरच्या गच्चीवर वाळत घातलेला निळा टॉवेल दिसत होता. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. मग डोळे पुसले आणि म्हणाल्या, "चहा टाका हो, बागवान. आणि ते कपडे परत कपाटात ठेवा."

त्याच दुपारी बाबा, लेक आणि मी चौकीत गेलो. टेबलामागे एक तरुण हवालदार पेरू खात बसला होता. बाबांनी "बंदूक आणलीय," असे म्हणताच तो ताडकन उभा राहिला. "आधी हात वर करा!"

"हात वर केले तर पेटी पायावर पडेल," बाबा म्हणाले.

लेकीने परवाना पुढे केला. बंदूक जमा करायची आहे हे कळल्यावर हवालदाराचा जीव भांड्यात पडला; पण असली जुनी दुनळी त्याने कधी हाताळली नव्हती. ती जोडायची कशी, सोडायची कशी, नंबर कुठे कोरलेला असतो, हे सारे बाबांनीच त्याला शिकवले. शेवटी तो बाबांना 'सर' म्हणू लागला. मी दोन महिने त्या चौकीच्या मागच्या खोलीत राहिले. माझ्या शेजारी एक लाल सायकल होती. तिचा चोर सापडला होता, पण मालक सापडत नव्हता. ती बिचारी रोज रडायची. तिच्यापेक्षा मी सुखी, असे वाटायचे. मला निदान माणसे होती.

इकडे डोंगरावर रानडुकरांनी उच्छाद मांडला होता. पुतण्याने स्वतःच्या नावाने परवाना काढला आणि बंदूक न्यायला तो शहरात आला. बाबा म्हणाले, "देतो. पण मी बरोबर येणार." लेकीने दोन दिवसांची रजा काढली. भिंगरी तर आधीच बूट घालून तयार होती. आणि दुसऱ्या मजल्यावरून पिशवी घेऊन गाणंबाई उतरल्या. "मीही येते. बघू तरी, तुमची माणसं अशी कशी राहतात!"

वस्तीने त्यांचे मनापासून स्वागत केले. प्रत्येक घरात त्यांना पाणी मिळाले, बसायला घोंगडी मिळाली, आणि प्रत्येक दारामागे बंदूक दिसली. मेंढपाळआबांच्या घरी तर नळीच्या टोकाला त्यांच्या नातवाची लोकरी टोपी अडकवलेली होती. गाणंबाईंनी ती टोपी काढली आणि पोराच्या आईच्या हातात दिली. दोघींनी एकमेकींकडे पाहिले.

दुपारी अंगणात सगळे जमले. गाणंबाईंनी आपल्या भावाची गोष्ट सांगितली. या वेळी शेवटपर्यंत सांगितली.

"वाईट झालं बाई," मेंढपाळआबा म्हणाले. "पण राग मानू नका, आमच्याकडे बंदुकीने कधी माणूस गेला नाही. आमच्याकडे माणसं जातात ती झाडावरून पडून. मग काय झाडांना कुलपं लावायची?"

गडी हसले. बाबा हसले नाहीत. "आबा, दोन महिन्यांपूर्वी माझ्या भिंगरीने हातात काडतूस धरलं होतं. लिपस्टिक समजून."

हसणे थांबले. पुतण्या उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला होता. "काका, ते मी टाकलं होतं. चूक माझी."

"तुझी एकट्याची नाही रे. खुंटी मी लावली होती."

मग मागून मेंढपाळआबांची सून म्हणाली, "आबा, मला पण पेटी पाहिजे."

"मलाही," पुतणसून म्हणाली. "म्हणजे आहे ती पेटी. पण कुलपासकट. आणि चावी माझ्याकडे."

"मला पण!" "आमच्याकडेही!" अंगणाच्या बायकांच्या बाजूने एकच गलका उठला. आबा मिशीतल्या मिशीत पुटपुटले, "म्हणजे आता डुक्कर आलं की आधी सूनबाईंना अर्ज करायचा?"

"दोन ओळींचा चालेल, आबा," सून म्हणाली, आणि साऱ्या अंगणाला हसू फुटले. आबांनाही.

फळांचे खोके ठोकणारा गडी तिथेच होता. त्याने मला उचलून ओट्यावर ठेवले आणि दोरीने माझी मापे घेतली. लेकीने शहरातून येताना एक कुलूप आणले होते. तिने ते स्वतःच्या हाताने माझ्या कोयंड्यात अडकवले, तेव्हा ते थंडगार लोखंड मला फुलांच्या हारासारखे वाटले. गाणंबाईंनी मांडी घालून माझे उसवलेले अस्तर टाचले. शिवता शिवता त्या गुणगुणत होत्या. इतक्या वर्षांत माझ्या अंगावर वाकून कुणी गात आहे, असे कधी झाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सगळे परत निघाले. बाबांनी माझ्या झाकणावर तळवा टेकवला. "बरंय गं," म्हणाले, एवढेच. मग भिंगरीच्या खांद्यावर एक हात आणि काठीवर दुसरा टेकून ते उतार उतरू लागले. त्यांच्यामागून गाणंबाई कुठल्याशा गाण्याची चाल सांगत होत्या आणि बाबा बेसूर आवाजात ती म्हणत होते. वळणापर्यंत मला ऐकू येत होते. मित्रांनो, मला रडता येत असते तर मी त्या दिवशी रडले असते. पण वाईट वाटून नव्हे.

आता मी बागवानांच्या जुन्या घरातच असते. मागच्याच हंगामातली गंमत सांगते. ऊन उतरत असताना डुकरांचा कळप बागेत शिरला. पुतण्या धावत घरात आला, तर चावी पुतणसुनेकडे आणि पुतणसून ओढ्यावर! तो अंगणात नुसता नाचू लागला. शेवटी काही सुचेना, तेव्हा त्याने चुलीजवळची परात आणि उलथने उचलले आणि बडवत सुटला. काय तो आवाज! डुकरे शेपट्या वर करून जी पळाली ती पळालीच. ओढ्यावरून धापा टाकत आलेली पुतणसून चावी हातात धरून दारात उभी राहिली आणि नवऱ्याला पाहून खाली बसून हसू लागली. त्या दिवसापासून मला कुणी उघडलेले नाही. परात मात्र ठिकठिकाणी चेपली आहे.

मला याचे मुळीच दुःख नाही. पेटीचे मोठेपण तिच्यात काय ठेवले यापेक्षा ती किती नीट बंद राहिली यात आहे, हे मला म्हातारपणी कळले. तुमच्यापैकी कुणी डोंगरावर राहत असाल, कुणी चार मजल्यांच्या इमारतीत. कुणाच्या घरी बंदूक कुदळीसारखी असेल, कुणी ती फक्त चौकीत पाहिली असेल. एकमेकांना हसू नका. प्रत्येकाच्या भीतीमागे आणि सवयीमागे एखादी गोष्ट असते, ती आधी ऐका. आणि माझ्यासारख्या जुन्या पेट्यांना वर्षातून एकदा तरी तेलाचे बोट लावा, उसवले असेल तर टाका घाला.

अनोळखी पेटी दिसली तर झाकणाला हात लावू नका. आत काहीच नाही असे कुणी कितीही प्रेमाने सांगितले, तरी दोन पावले मागे व्हा आणि मोठ्या आवाजात, न लाजता, एकच विचारा: "कुलूप आहे का? आणि चावी कुणाकडे आहे?"